सोलरच्या वर्गात प्रात्यक्षिक काय घ्यावं?

प्रश्न: रत्नागिरीत आयटीआयच्या मुलांसाठी ८ दिवसांचा सोलर वर्ग घ्यायचाय. छतावर नेण्याआधी टेबलावर काय शिकवू?

उत्तर: एमसी४ (सोलर केबल जोडायचा कनेक्टर) क्रिंपिंग, म्हणजे त्याची पिन केबलवर दाबून बसवणं, सर्वांत आधी. ४ चौरस मिमी केबल सोलून पिन क्रिंपिंग टूलच्या योग्य डायमध्येच (साच्यातच) दाबायची. साध्या पक्कडीने दाबली की जोड सैल राहतो, तापतो आणि शेवटी वितळतो. प्रत्येक जोड हाताने ओढून बघायला लावा. चालू लोडवर डीसी जोड कधीच सोडवायचा नाही, तिथली ठिणगी सहज विझत नाही! आधी इन्व्हर्टर बंद, मग डीसी आयसोलेटर (पॅनेलकडचा डीसी पुरवठा तोडणारा स्विच).

उत्तर: खारा वारा विसरू नका. साधे जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) बोल्ट लवकर गंजतात, एसएस ३१६ (स्टेनलेस स्टील) दाखवा. पॅनेल आयईसी ६१७०१ या खाऱ्या हवेच्या चाचणीतलं हवं.

उत्तर: जांभ्यात अर्थिंग अवघड. अर्थिंगचा रोध भर पावसात नव्हे, जमीन कोरडी असताना मे महिन्यात मोजायला शिकवा.