भाचीच्या ॲडमिशनसाठी मदत हवी आहे: '१०० टक्के प्लेसमेंट' तपासायची कशी?

नमस्कार मंडळी, सोलापूरहून लिहितोय. भाची यंदा बारावी सायन्स झाली, पीसीबीला मार्क बरे आहेत, पण नीटमध्ये काय जमलं नाही. बहीण कुंभारीच्या विडी घरकुलात राहते, घरी विड्या वळते, दाजी अक्कलकोट रोड एमआयडीसीत लूमवर. घरात ग्रॅज्युएट कुणी नाही, म्हणून सगळं मामाच्या डोक्यावर, आणि मामा बीकॉम, त्याला ओटी टेक्निशियन म्हणजे ऑपरेशन थिएटरमधला टेक्निशियन हे मागच्या आठवड्यात कळलं.

तर एका प्रायव्हेट कॉलेजात जाऊन आलो, बीपीएमटी म्हणजे पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची डिग्री आहे, तीन वर्षं अधिक एक वर्ष इंटर्नशिप. गेटवरच फ्लेक्स, १०० टक्के प्लेसमेंट. लॅबच्या बोर्डावर जो पोरगा हसायलाय तोच ओटीच्या बोर्डावर पण हसायलाय, फक्त शर्ट वेगळा. क्लार्कला विचारलं मागची बॅच कुठंय, तर म्हणे "सगळी सेट आहेत की." कुठं? "पुण्याला."

बाहेर चहाच्या गाड्यावर तिथल्याच पोरी भेटल्या. वर्गात पोरीच जास्त म्हणे, बऱ्याच जणी मोहोळ, अक्कलकोटहून एसटीनं येऊन-जाऊन करतात. सिनियर ताईंचं विचारलं तर काही पुण्याला, काहींची लग्नं झाली, काहींना घरचे नाईटला सोडेनात आणि एक मेडिकल दुकानात बसते. मग १०० टक्के कुठनं आले? आणि लॅब, डायलिसिस, ओटी यातलं कशात सोलापुरातच काम मिळेल? बहीण पोरीला एकटीला पुण्याला पाठवायला तयार नाही.

प्रतिसाद १
दादा, मी डायलिसिसला आहे, बार्शीची. १०० टक्के कशाचे ते विचारा. आमच्या कॉलेजात प्लेसमेंटला नाव दिलेलीच पोरं मोजायचे, लग्न झालेली, नाईट नको म्हणणारी सगळी 'इच्छुक नाही' म्हणून यादीतनं गायब, म्हणजे निम्म्या पोरीच गेल्या की. ॲडमिशन किती, वेळेत पास किती, वर्षानंतर त्याच कामावर किती, हे मुलींचं वेगळं मागा. आणि इंटर्नशिप कुठल्या हॉस्पिटलात ते आधी बघा, मला पहिली नोकरी तिथंच लागली. डायलिसिसला पेशंट आठवड्यातनं दोन-तीनदा येतातच, काम कायम असतं, पण शिफ्ट पहाटेची पण असते हे बहिणीला सांगून ठेवा. लॅब तालुक्याच्या गावात पण असते, तिथं पगार हातात किती पडतो ते विचारूनच घ्या.

प्रतिसाद २
नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाशी नुसतं कॉलेज नाही, तुम्हाला पाहिजे तोच कोर्स संलग्न आहे का ते त्यांच्या साइटवर बघा. पुढं टेक्निशियन म्हणून कौन्सिलकडं नोंदणी कशी होणार ते पण कॉलेजला विचारा, २०२१ला या क्षेत्रासाठी केंद्राचा वेगळा कायदा आलाय. आणि ताईंकडं विडी कामगार कार्ड असेल तर त्यांच्या मुलांसाठी कामगार मंत्रालयाची स्कॉलरशिप आहे, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर फॉर्म भरायचा.

धागाकर्ता
ताई, ते 'इच्छुक नाही'चं डोक्यात बसलं, उद्या परत जातोय. कार्ड आहे हो बहिणीकडं, पण त्यावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. हे कुठं दुरुस्त होतं कुणाला माहितीये का?