मदत हवी आहे: १९६८ ची फियाट, व्हिंटेज नोंदणी की साधं नूतनीकरण?

नमस्कार मंडळी,

आमच्या घरी १९६८ ची फियाट ११०० आहे. आजोबांची कोल्हापुरात शाहूपुरीत गुळाची अडत होती, तेव्हा घेतलेली. त्यांच्यानंतर गाडी बाबांच्या नावावर झाली. बाबा मागच्या वर्षी गेले. आरसीची, म्हणजे नोंदणीपत्राची, मुदत २०२२ मध्येच संपली होती. त्यांच्या आजारपणात कुणाचंच तिकडे लक्ष गेलं नाही. गाडी तेव्हापासून शेडमध्ये आहे, पण महिन्यातून दोनदा मी स्टार्ट करते. गिअर स्टिअरिंगलाच आहेत, आणि ते टाकायला बाबांनीच मला शिकवलं, पन्हाळ्याच्या घाटात.

आता नोंदणी करायला गेले, तर एका एजंटने सांगितलं, "ताई, पन्नास वर्षांच्या वरची आहे, व्हिंटेजमध्ये टाका. पाच हजारांत दहा वर्षं निवांत. पासिंग नाही, टॅक्स नाही." ऐकून बरं वाटलं. इंग्लंडात लेस्टरला राहणारा मावसभाऊही तसंच म्हणाला. तिकडे ४० वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स लागत नाही, आणि गेल्या ३० वर्षांत मोठे बदल केले नसतील तर वार्षिक तपासणीही माफ. तो त्याची जुनी गाडी रोज कामावर नेतो.

मला हेच हवंय. गाडी प्रदर्शनात ठेवायची नाही. आईला दर रविवारी जोतिबाला न्यायचं, सणाला अंबाबाईला, कधी नरसोबाच्या वाडीला. आईला तिच्याशिवाय दुसऱ्या गाडीत बसवत नाही, मळमळतं. म्हणून विचारते:

व्हिंटेज केल्यावर अशी चालवता येते का? जुना नंबर जातो का? आईचा त्या नंबरात जीव आहे. आणि एक अडचण: १९८६ च्या सुमारास इंजिन बदललंय असं बाबा सांगायचे. पद्मिनी गाडीचं बसवलं, तेही १०८९ सीसीचंच. त्याने काही बिघडतं का?

घाटवळण:
ताई, एजंटाचं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं महागात पडेल.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत व्हिंटेजची तरतूद आणली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नवी नोंदणी २०,००० रुपये, फेरनोंदणी ५,०००, मुदत १० वर्षं. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, तेव्हा आईंना सांगा, नंबर कुठे जात नाही. 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो तो नव्याने नोंदणाऱ्याला.

पण वापरावर बंधन आहे. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि देखभाल, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. नेहमीच्या वापराला सरळ मनाई. दर रविवारी जोतिबा हा नेहमीचाच वापर झाला. इंग्लंडमधली सूट आणि आपली व्हिंटेज नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीवरून दुसरीचा अंदाज बांधू नका. आपल्या दसरा चौकात दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार येते ना, तसा मान असलेल्या गाडीला हा नियम शोभतो. घरच्या फियाटला तो पिंजरा होईल.

उद्यमनगरी:
इंजिनाबद्दल बोलतो. व्हिंटेजला गाडी मूळ रूपात लागते. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही, आणि राज्याची समिती गाडी बघून ठरवते. बोअर मारून स्लीव्ह टाकणं, म्हणजे झिजलेला सिलिंडर कातून आत नवी नळी बसवणं, ही दुरुस्ती. अख्खं इंजिन दुसऱ्या गाडीचं असेल, तर मात्र समितीपुढे प्रश्न येणारच.

साध्या नूतनीकरणातही इंजिन नंबर आरसीशी जुळला पाहिजे. आधी इंजिनाच्या ब्लॉकवरची माती डिझेलने पुसून नंबर वाचा. मग आरसीचं जुनं पुस्तक शोधा, स्मार्ट कार्ड नव्हे. इंजिन बदलल्याची नोंद पूर्वी पुस्तकातच शिक्का मारून करायचे.

खर्च लपवत नाही. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाला १०,००० रुपये लागतात, तेही पाचच वर्षांसाठी. उशिराचे महिन्याला ५०० वेगळे, वर पर्यावरण कर. व्हिंटेज स्वस्त दिसतं ते याचमुळे. पण गाडी चालवायची असेल तर मी हेच करीन.

घाटवळण:
त्याआधी नाव बदला. मालक वारल्यावर हस्तांतरणाला फॉर्म ३१ असतो, सोबत मृत्यूचा दाखला. मग नूतनीकरणाचा फॉर्म २५. विमा आधीच काढून ठेवा.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. काल दुपारभर शोधलं. ब्लॉकवरचा नंबर स्मार्ट कार्डावरच्या नंबराशी जुळत नव्हता, तेव्हा हातपाय गळाले. संध्याकाळी आईने देवघराच्या खालच्या कप्प्यातून आरसीचं पुस्तक काढून दिलं. शेवटच्या पानावर निळ्या शाईत नवा इंजिन नंबर, गोल शिक्का, १९८६. कार्ड करताना ही नोंद पुढे चढवायचीच राहिली असणार. आधी ती दुरुस्ती, मग आईच्या नावावर हस्तांतरण, मग साधं नूतनीकरण. व्हिंटेजचा विचार सोडला. महाग पडेल, पण गाडी रविवारी दारातून बाहेर निघेल.

आता फक्त तपासणीची तयारी राहिली. हॉर्न, वायपर, दिवे चालू आहेत. ब्रेक मात्र उजवीकडे ओढतोय, मागचा व्हील सिलिंडर गळतोय. उद्यमनगरात या मॉडेलची रबर किट कुणाकडे मिळेल, की सिलिंडरच लेथवर नवा करून घ्यावा?

उद्यमनगरी:
नवा करू नका, आधी होनिंग करून, म्हणजे आतून घासून गुळगुळीत करून, बघू. सोमवारी सिलिंडर खोलून घेऊन या.