पाच-दहा हजारांतला खिशातला कॅमेरा: पारखणं, वापरणं, सांभाळणं

मोबाइल असताना कॅमेरा कशाला, हा वाद दुसरीकडे घालू. ज्यांना खरा झूम, खरा फ्लॅश आणि शाळेच्या सहलीत पोराच्या हाती बिनघोर देता येईल असं यंत्र हवंय, त्यांच्यासाठी हा धागा. बजेट ५ ते १० हजार, म्हणजे बहुधा वापरलेलाच माल. आपल्याकडची धूळ, मे महिन्याचं ऊन, मांडवातला रंगीत उजेड हे सगळं धरून, वर आपलं गाव टाकून लिहा. 'बाबांनी पहिला कॅमेरा आणला तेव्हा' छाप आठवणी नकोत. काय तपासायचं, काय बिघडतं आणि का, तेवढंच.

जालना, जुन्या मालाची खरेदी-विक्री

बघायला जाताना स्वतःचं कार्ड सोबत न्या, म्हणजे फोटो घरी आणून मोठ्या पडद्यावर बघता येतात. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या इवल्या स्क्रीनवर सगळेच फोटो झकास दिसतात.

सगळ्यात आधी बॅटरीचं झाकण. त्याची प्लास्टिकची खुंटी तुटली की झाकण अंगठ्याने दाबून धरल्याशिवाय कॅमेरा चालत नाही, आणि ती खुंटी सुटी मिळत नाही. मग दहा वेळा चालू-बंद करा. भिंगाची नळी एका दमात बाहेर आली पाहिजे. कर्रकर्र आवाज आला किंवा नळी मध्येच अडखळली, तर आत वाळू गेलीय किंवा कॅमेरा पडलेला आहे. माल तिथेच सोडा.

नंतर पूर्ण झूम करून पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो. राखाडी ठिपके दिसले तर सेन्सरवर, म्हणजे भिंगामागच्या फोटो टिपणाऱ्या चकतीवर, धूळ बसलीय. अशा कॅमेऱ्यात भिंग वेगळं निघत नाही, म्हणजे ती धूळ काढायला अख्खा कॅमेरा उघडावा लागतो. तसाच पूर्ण झूमवर समोरच्या दुकानाच्या पाटीचा फोटो घ्या. अक्षरं एका बाजूला धारदार आणि दुसऱ्या बाजूला पुसट असतील तर भिंग तिरकं झालंय. जवळचं नीट आणि लांबचं कधीच नीट येत नसेल तर फोकसची मोटर गेली. शेवटी पाच वेळा लागोपाठ फ्लॅश मारा. दोन फ्लॅशच्या मधे चार-आठ सेकंद लागणं ठीक, त्याहून जास्त लागले तर बॅटरी थकलीय किंवा फ्लॅशचा भाग.

चार्जर नसेल तर भाव पाडा. चार्जर नंतर मिळतो, पण शोधाशोध आपल्या गळ्यात पडते.

नांदेड

वरच्यात एक भर. ऑनलाइन '४८ मेगापिक्सेल, ४के, १६ पट झूम' असे चार-पाच हजारांचे नवेकोरे कॅमेरे दिसतात, त्यांच्यापासून लांब राहा. ओळखायची खूण सोपी आहे: चालू केल्यावर भिंग पुढे येत नाही, आणि वर्णनात 'ऑप्टिकल झूम' हे शब्द सापडत नाहीत. तो १६ पट झूम म्हणजे फोटो कापून ताणणं. मेगापिक्सेलही आतल्या लहान आकड्यावरून फुगवलेले. यापेक्षा दहा वर्षांपूर्वीचा, नीट चालणारा कॅननचा आयएक्सयूएस किंवा सोनीचा सायबर-शॉट बरा.

मेगापिक्सेलच्या मागे लागूच नका. ४ बाय ६ इंचाच्या प्रिंटला २ मेगापिक्सेल पुरतात, ८ बाय १२ ला ९. स्वस्त कॅमेऱ्यातला सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम तुरीच्या दाण्याएवढा. त्याच दाण्यावर १० कोंबा नाहीतर २० कोंबा, उजेड तेवढाच पडणार. 'एक इंची' म्हणतात तो सेन्सर १३.२ बाय ८.८, क्षेत्रफळात चौपट. खरा फरक तिथे पडतो, पण तसा धड कॅमेरा या बजेटमध्ये सहसा बसत नाही.

लोहा, यात्रेतले फोटो

माळेगावच्या यात्रेत किंवा कुठल्याही खंडोबाच्या ठाण्यावर कॅमेरा नेणार असाल तर एक गोष्ट समजून घ्या. झूमची नळी आत-बाहेर होते तेव्हा ती भात्यासारखी हवा ओढते. भंडारा उधळत असताना झूम केलात की हळद थेट आत. म्हणून गर्दीत शिरण्याआधी झूम काय ठेवायचा तो ठरवा आणि उधळण खाली बसेपर्यंत त्याला हात लावू नका. कॅमेरा बंदही करू नका, कारण नळी मिटतानाही अंगावरची पूड घेऊनच आत जाते. आधी नळीवरचा भंडारा मऊ ब्रशने झटका, मग बंद करा.

फ्लॅश बंदच ठेवा. भिंगासमोर अगदी जवळ तरंगणारा प्रत्येक कण फ्लॅशने उजळतो आणि फोटोभर पांढरे गोल गोल डाग येतात. लोक त्यांना काहीबाही समजतात, ती नुसती हळद असते. सूर्य बाजूला किंवा थोडा समोर ठेवा. मग तोच भंडारा हवेत सोन्यासारखा पेटलेला दिसतो.

भिंगाच्या काचेवर पूड बसली तर उपरण्याने पुसायचं नाही. आधी फुंकर, तीही तोंडाने नको कारण थुंकीचे शिंतोडे उडतात. मेडिकलमध्ये कान साफ करायचा रबरी फुगा मिळतो, तो कोरडा वापरा. मग ब्रश, आणि सगळ्यात शेवटी चष्म्याचं कापड.

लातूर, दुरुस्ती

भंडाऱ्याचा विषय निघालाच आहे तर 'लेन्स एरर'बद्दल लिहितो. स्क्रीनवर हा संदेश आला की लोक पहिल्यांदा नळी बोटांनी ओढतात. आतली चाकं प्लास्टिकची, दातेही बारीक. ओढलं की दाते जातात आणि मग कुणीच काही करू शकत नाही.

असं करा. बॅटरी काढा, दहा मिनिटं थांबा, पूर्ण चार्ज केलेली बॅटरी टाका. बऱ्याचदा बॅटरीचा जोर कमी पडल्यानेच नळी अडकलेली असते. तरी नाही जमलं तर कॅमेरा भिंग खाली करून धरा, रबरी फुग्याने नळीच्या फटीत चहूबाजूंनी हवा मारा आणि अंगावर हलकेच टिचक्या द्या. वाळूचा कण पडतो. मग एखाद्या लग्नपत्रिकेतून कात्रीने अर्धा इंच रुंद पट्टी कापा, ती नळीच्या दोन कड्यांमधल्या फटीत जेमतेम दोन मिलिमीटर सरकवा आणि हळूहळू गोल फिरवा. कण कुठे आहे ते हाताला कळतं, तिथे पट्टी खरखरते. तेल घालू नका, ते थेट आतल्या काचांवर आणि शटरच्या पात्यांवर पसरतं.

आणि स्क्रू खोलून आत डोकावू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो, बॅटरी काढल्यावरही बराच वेळ टिकतो. चांगलाच झटका बसतो.

धाराशिव

बॅटरीबद्दल कुणी बोललंच नाही. पेन्सिल सेलवर चालणारा घ्या, हे माझं स्पष्ट मत. कॅननचा पॉवरशॉट एसएक्स१६० दोन सेलवर चालतो, निकॉनचा कूलपिक्स एल८२० किंवा एल८३० चार सेलवर. कोडॅकचा पिक्सप्रो एफझेड४५ हाही दोन सेलवाला. सेल कुठल्याही तालुक्याच्या गावाला मिळतात. पण कुठले? ज्यावर 'हेवी ड्यूटी' लिहिलंय ते घेऊ नका. नाव दमदार असलं तरी तो झिंक-कार्बन, घड्याळाला आणि रिमोटला ठीक. कॅमेरा नळी बाहेर काढताना आणि फ्लॅश भरताना एकदम जोराचा करंट मागतो, तिथे हा सेल लगेच मान टाकतो. अल्कलाइन घ्या, नाहीतर सरळ २००० एमएएचचे निकेलवाले रिचार्जेबल. त्यांचा दाब १.५ ऐवजी १.२ व्होल्ट असतो, पण जोराच्या मागणीत तो टिकतो. मेनूत सेलचा प्रकार निवडायची सोय असेल तर 'एनआयएमएच' (म्हणजे हेच निकेलवाले) करा, नाहीतर भरलेले सेलही रिकामे दाखवतो.

महिनाभर वापर नसेल तर सेल काढून ठेवा. गळलेच तर पट्ट्यांवर पांढरी बुरशीसारखी पूड येते. अल्कलाइनची असेल तर कानकाडीला लिंबाचा रस लावून पुसा, मग कोरडी काडी फिरवा.

जालना, पुन्हा

धाराशिवकरांशी अर्धाच सहमत. सेलवाले कॅमेरे जाड आणि जड, शर्टाच्या खिशात बसत नाहीत. आयएक्सयूएस १८५ ची एनबी-११एल किंवा सायबर-शॉट डब्ल्यू८३० ची एनपी-बीएन या बॅटऱ्या अजून मिळतात, दोन घेऊन ठेवल्या की दिवस निघतो. एका भरण्यात दोनशेच्या आसपास फोटो. बॅटरी फुगलीय का तेवढं बघा. सपाट काचेवर ठेवून बोटाने फिरवा. गरगर फिरली तर पोट सुटलंय, ती वापरायची नाही. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर कॅमेरा ठेवणाऱ्यांकडे हेच होतं. बहुतेक माहितीपुस्तिकांत वापराची मर्यादा ४० अंश लिहिलेली असते, आणि आपल्याकडे तेवढं सावलीत असतं.

छत्रपती संभाजीनगर, लेणी आणि वास्तू

अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी, हे आधी. अजिंठ्याच्या चित्रांच्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही, ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. म्हणजे हातात धरूनच काढायचे. इथे झूम हा शत्रू. आयएक्सयूएस १८५ चं भिंग झूम न करता एफ ३.२, पूर्ण झूमवर ६.९ (हा आकडा वाढला की आत येणारा उजेड घटतो). उजेड साडेचार पटींहून जास्त घटतो. म्हणून झूम शून्यावर ठेवा आणि बंधन नाही तिथपर्यंत पायांनी पुढे जा. फ्लॅश सक्तीने बंद, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ४००, २ सेकंदांचा टायमर, कोपरं पोटाशी, श्वास अर्धा सोडून थांबलेला. टायमर यासाठी की बटण दाबतानाच हात हलतो. प्रत्येक चित्राचे पाच फोटो घ्या, त्यात एखादा धारदार निघतोच. चित्र असलेल्या भिंतीला किंवा खांबाला टेकायचं नाही, तेवढी अक्कल ठेवा.

वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, तेव्हा दुपारनंतर जा. उजेड आतपर्यंत पोचतो. काळा पाषाण बघून कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, आणि तो दगड राखाडी करून टाकतो. अधिक-उणेचं चिन्ह असतं ना, ते उणे ०.७ वर न्या. बीबी का मकबऱ्याला उलट, तिथे पांढऱ्याचं मळकट होतं. अधिक ०.७. कैलास लेणं अंगणातून एका फोटोत मावतच नाही, त्यासाठी बाजूने वर डोंगरावर चढून कडेवरून घ्या. कड्याशी सेल्फीचे खेळ नकोत.

परभणी, पिकांचे फोटो

शेतकऱ्यांसाठी. कृषी सेवा केंद्रात किंवा विद्यापीठात दाखवायला पानाचा, अळीचा फोटो काढायचा तर फुलाचं चिन्ह दाबा आणि झूम पूर्ण मागे घ्या. जवळचा फोकस फक्त तिथेच मिळतो. थोडा जरी झूम केला तर अंतर १ किंवा ५ सेंटीमीटरवरून एकदम हातभर वाढतं. पण १ सेंटीमीटरवर भिंगाचीच सावली पानावर पडते. १० सेंटीमीटरवर राहा आणि नंतर कापा.

नेहमीची भानगड: कापसाच्या बारीक फांदीवर फोकस धरायचा तर कॅमेरा मागची काळी जमीन पकडतो. त्यावर उपाय असा. फांदीशेजारी, तेवढ्याच अंतरावर आपला तळहात धरा. बटण अर्धं दाबा, हिरवी चौकट येऊ द्या. बटण तसंच धरून हात काढा आणि पूर्ण दाबा. वारं असेल तर खोडाला काडी टेकवून कपड्याचा चिमटा लावा.

तीन फोटो हवेत: ओळ, अख्खं झाड, आणि रोगाची जागा. शेजारी रुपयाचं नाणं ठेवा, आकार कळतो. पांढरी माशी पानाच्या खालच्या बाजूला असते, तेव्हा पान उलटून घ्या. डोमकळी (गुलाबी बोंडअळीमुळे न उमललेलं कापसाचं फूल) दिसली तर एक फोटो तशीच आणि एक ती उघडून, आतल्या अळीसकट.

अंबाजोगाई, स्टुडिओ

प्रिंटला येणारी तक्रार: 'फेटा कापला.' कॅमेरा ४:३ मध्ये फोटो काढतो, ४ बाय ६ चा कागद ३:२. आडव्या फोटोच्या उंचीतला ११ टक्के भाग जातो. मेनूत ३:२ असेल तर ते लावा, नाहीतर डोक्यावर आणि पायाखाली जागा सोडा.

भर दुपारी वऱ्हाडाचे फोटो काढताना फ्लॅश सक्तीने चालू ठेवा. ऐकायला उलटं वाटतं, पण टोपीखाली आणि पदराखाली डोळे काळे पडतात ते त्यानेच भरून निघतात. फ्लॅशची पोच तीन मीटरच्या आसपास, त्यापलीकडे उपयोग नाही. पिवळ्या-तांबड्या कापडाच्या मांडवात सगळे कावीळ झाल्यासारखे दिसतात. व्हाइट बॅलन्समध्ये (उजेडाच्या रंगाप्रमाणे पांढरं ठरवायची सोय) 'कस्टम' निवडा, मांडवातच पांढरा कागद चौकटभर धरून नोंद करा. मांडवातून बाहेर आल्यावर परत 'ऑटो' करायला विसरू नका, नाहीतर वरातीत सगळे निळे.

हिंगोली

सीसीडी, म्हणजे जुन्या कॅमेऱ्यांतला सेन्सरचा प्रकार, त्याच्या रंगांचं हल्ली फार कौतुक चाललंय. उन्हात छान, मान्य, पण आयएसओ ४०० च्या वर नुसती रवाळ. आणि घेताना घाबरू नका: दिव्याकडे धरल्यावर स्क्रीनवर उभी जांभळी-पांढरी रेघ येते, तो सीसीडीचा गुणधर्म आहे, बिघाड नाही. फोटोत रेघ येत नसेल तर घ्या. फोटोतही आली तर सेन्सर गेला.

बीड

कार्डाबद्दल थोडक्यात. २ जीबीपर्यंत एसडी, ४ ते ३२ एसडीएचसी, ६४ पासून एसडीएक्ससी. कॅमेरा जितका जुना तितकं लहान कार्ड न्या. ८ जीबीत २० मेगापिक्सेलचे हजारावर फोटो बसतात, जास्त हवंच कशाला. २०१० आधीचे सायबर-शॉट फक्त मेमरी स्टिक घेतात, ऑलिंपस आणि फुजीचे काही जुने एक्सडी कार्ड. हे दोन्ही आता धड मिळत नाहीत, असा कॅमेरा फुकट दिला तरी कार्डासकटच घ्या. 'कार्ड लॉक्ड' आलं तर डाव्या कडेची बारीक पट्टी वर सरकवा. मायक्रो एसडीच्या अडॅप्टरमध्ये ती सैल असते, खाली घसरते, तेव्हा चिकटपट्टीचा तुकडा लावून टाका.

चुकून फोटो उडाले तर त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नका. लगेच बाहेर काढा, संगणकावर फोटोरेक चालवा. फुकट आहे.

जालना

एक राहिलं: बॅटरी बराच वेळ बाहेर राहिली की तारीख उडते. आतली चिमुकली बॅटरी मुख्य बॅटरीवरच भरते. घेतल्यावर भरलेली बॅटरी घालून एक दिवस तसाच ठेवा, मग तारीख लावा. दुसऱ्या दिवशी बॅटरी पाच मिनिटं काढून परत घाला. तरीही तारीख उडाली तर आतली बॅटरी मेलीय. फोटोला काही होत नाही, फक्त दर वेळी तारीख टाकायची.