शनिवार-रविवार मुंबई: क्रोशाचा दोरा आणि लोकर कुठे बघू?

कणकवलीची_सुई:
नमस्कार मंडळी. मे महिन्यात भाचीचं लग्न आहे, रुखवतात ठेवायला मी क्रोशाचं तोरण आणि ताटाभोवतीची महिरप करायला घेतलेय. निम्मं तोरण झालं आणि पांढरा दोरा संपला. इथे बाजारात विचारलं तर "पांढरा म्हणजे पांढराच ना ताई, कुठलाही घ्या", घरी आणून शेजारी धरला तर जुना दुधाळ आणि नवा निळसर. ऑनलाइन मागवला तो फोटोत मोत्यासारखा आणि हातात खडू. शेवटी ह्यांना म्हटलं चला दोन दिवस मुंबईला, शुक्रवारी संध्याकाळची तुतारी एक्स्प्रेस, शनिवारी पहाटे दादर, बहिणीकडे परळला राहायचं आणि रविवारी रात्री परत. आता दादर करू की क्रॉफर्ड मार्केट की दोन्ही? शिवाय धाकट्या जावेला सातवा लागलाय, टोपरं-पायमोज्यांना मऊ लोकर पण बघायचीय. बजेट ह्यांना तीन हजार सांगितलंय, खरं किती ते विचारू नका.

लोकलवाली:
आधी वाराचं गणित करा गं, दुकानाचं नंतर. क्रॉफर्ड, मंगळदास, अब्दुल रहमान स्ट्रीट हा पट्टा रविवारी बहुतेक बंद आणि दादरची बरीच दुकानं सोमवारी बंद, म्हणजे शनिवारी तिकडे आणि रविवारी दादर. मी एकदा उलटं केलं होतं, रविवारी सीएसएमटीपासून चालत जाऊन नुसती शटरं बघून आले. मंगळदासमध्ये कापड आहे, लोकर नाही, त्यामुळे "जरा डोकावून येते" म्हणून शिरू नका, दोन तास गेलेच समजा. लेस, मणी, लटकन हवे असतील तर तिथूनच भुलेश्वरला चालत जाता येतं. दोरा आणि लोकर मात्र मी दादर पश्चिमेलाच घेते, स्टेशनजवळच्या गल्ल्यांतून, जिथे बटणं-अस्तर मिळतं तिथेच आत कुठेतरी लोकरीचं कपाट असतं. विचारत जायचं, बाहेरून कळत नाही. रविवारी मेगाब्लॉक असतो पण तुम्ही परळला आहात म्हणजे टॅक्सीचं अंतर.

आणि एक, तुतारी दादरहून रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते, म्हणजे रविवारी रात्री निघायचं तर तिकीट सोमवारच्या तारखेचं पाहिजे. ह्यात आमच्या घरची चार माणसं फसलीयेत, मी धरून.

मुका_खांब:
रंग जुळत नाही त्याचं कारण लॉट. कारखान्यात एका वेळी जेवढा दोरा रंगवतात तो एक लॉट, पुढच्या वेळी तोच शेड नंबर असला तरी एखादी छटा इकडेतिकडे होते, आणि पांढऱ्यात तर ते जास्तच डोळ्यात भरतं. जुन्या गुंड्याचं लेबल ठेवलंय का? नसेल तर वीतभर दोरा आणि तोरणाचं एक पान बरोबर न्या, फोटो नको, फोटोत सगळेच पांढरे सारखे. दुकानातल्या ट्यूबखाली बघू नका, दारात उजेडात या. चकाकी पण बघा, मर्सराइज्ड सुताला कॉस्टिक सोड्यातून ताणून काढलेलं असतं म्हणून ती झळाळी येते, साध्या सुताला शेजारी ठेवलं की साधं मळकटच वाटणार, तिथे रंगाचा दोष नाही. लॉट नाहीच मिळाला तर दोन ओळी जुन्या दोन ओळी नव्या असं विणत जा, सीमारेषा दिसत नाही. आणि ह्या वेळी एक गुंडा जास्तीचा घ्याच.

आजी_दोनसुया:
बाय माझे, बाळासाठी शुद्ध लोकर नको, टोचते, आणि आपल्याकडे एवढी थंडी आहेच कुठे. वर आमच्या वेंगुर्ल्याच्या दमट हवेत पेटीत ठेवली की कसर लागते. मऊ अ‍ॅक्रिलिकची बेबी वूल म्हणून मिळते ती घे, ती बहुतेक लुधियानाकडून येते, धुवायला बरी. गालाला लावून बघ, हाताला काय, आपले हात भांडी घासून राठ झालेले. टोपरं आणि पायमोजे मिळून मला शंभर ग्रॅम पुरून उरते. आणि जाळीची वीण घालू नकोस गो, बाळाची बोटं अडकतात भोकांत, माझ्या नातवाचं झालंय, रात्री दोन वाजता कात्री घेऊन बसले होते.

सुया घेणार असशील तर नंबर नीट बघ. जुन्या पद्धतीत नंबर वाढला की सुई बारीक, ८ नंबर म्हणजे ४ मिमी, १० म्हणजे सव्वातीन, १२ म्हणजे पावणेतीन. हल्लीच्यांवर मिमीच लिहितात, तिथे उलट. माझ्या सुनेने १० सांगितल्यावर १० मिमीच्या आणल्या, मुसळं नुसती.

पेठेतला_गुंडा:
पुण्याला या, तुळशीबाग आणि रविवार पेठ दोन्ही चालत होतं.

लोकलवाली:
कणकवलीहून पुण्याला घाट चढून? दोऱ्यासाठी? आणि दुपारी एक ते चार तुम्ही झोपणार.

पेठेतला_गुंडा:
झोपणारच.

कणकवलीची_सुई:
जाऊन आले! शनिवारी क्रॉफर्डला काचेचे मणी घेतले, दोरा पसंत पडला नाही. रविवारी दादरला चौथ्या दुकानात, जिन्याखालची एवढीशी जागा, बाईंनी माझं पान तळहातावर घेतलं, दारात आल्या, दोरा जरा उसवून पिळ बघितला आणि म्हणाल्या, हा लॉट आता नाही मिळायचा, उगाच फिरू नका. बरं वाटलं खरं सांगते, कोणीतरी नाही म्हणालं. मग वेगळंच ठरवलं, महिरप सगळी नव्या दोऱ्याची आणि तोरणाची पानं दुधाळ ठेवून खालची झालर मुद्दाम निळसर पांढरी, दोन ओळींची युक्ती मला पानांत जमेना. मुका_खांब, गुंडे दोन जास्तीचे घेतलेत.

बेबी वूल पिस्ता रंगाची, गालाला लावून घेतली आजी, दुकानदार बघतच राहिला. ती मिळाली लडीत, आणि मला कुठला धीर, गाडी ठाणं सोडायच्या आत ह्यांच्या दोन्ही हातांवर लडी चढवून गुंडा करायला घेतला. निम्मी झाली आणि टीसी आला. ह्यांचे हात अडकलेले, तिकीट दाखवायचा मोबाइल ह्यांच्याच खिशात.