तलावात पडलेली नटवी बाई कुठल्या पुस्तकातली?

कराडची_लेक

एक पुस्तक शोधतेय. नाव आठवत नाही आणि मुखपृष्ठ सांगता येणार नाही, कारण माझ्या प्रतीला ते नव्हतंच. सुरुवातीची पंधरा-वीस पानंही गायब होती. १९८७ साली मी आठवीत होते तेव्हा मामानं मुंबईहून, फाउंटनच्या फुटपाथवरून, सुतळीनं बांधलेली तीन पुस्तकं आणली होती. त्यातलं हे एक. इंग्लंडमधली मुलींची निवासी शाळा. आईवडील भेटायला येतात त्या दिवशी एका मुलीची श्रीमंत आई येते. झालरी-बिलरी लावून, नाक वर करून, सगळ्यांना टाकून बोलत. आणि एक फ्रेंच मुलगी 'चुकून' तिला पोहण्याच्या तलावात ढकलते. वर इतक्या गोड शब्दांत माफी मागते की रागवायचीही सोय नाही! मी एवढी हसले होते की आजी माजघरातून ओरडली, "काय गं, भूतबित लागलं का?"

आमची मराठी शाळा, इंग्रजी पाचवीपासून. त्यामुळे एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात वीरकरांची डिक्शनरी. त्या मुली 'लक्रॉस' नावाचं काहीतरी खेळायच्या, जाळीच्या काठीनं. सरांना विचारलं तर म्हणाले, "असेल हॉकीसारखं." माझ्या डोळ्यांपुढे मात्र लांब दांड्याचे झारे घेऊन धावणाऱ्या मुली. आजही लक्रॉस म्हटलं की मला झाराच दिसतो. आणि 'जिंजर बिअर'! (आल्याचं फसफसणारं पेय, दारू नव्हे.) तेरा वर्षांच्या पोरी बिअर पितात म्हणून ते पुस्तक मी आईपासून गादीखाली लपवलं होतं.

मग आम्हीही मध्यरात्रीची मेजवानी केली. मी आणि धाकटी बहीण, स्थळ माळा. ग्लुकोजची बिस्किटं, लिंबाचं लोणचं, वाटीत साय-साखर आणि गोटी सोड्यात किसून घातलेलं आलं. सोडा फसफसून तिच्या परकरावर सांडला, आम्ही खिदळलो, आणि मांजर शिरलं समजून आजीनं खालून काठी आपटली. तेवढ्यावर मेजवानी आटोपली.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी आबांना सांगितलं, "मला बोर्डिंगात घाला." आबांचा घास हातातच राहिला. आमच्या सातारा जिल्ह्यात बोर्डिंग म्हणजे काय, हे मला त्या वयात कुठं ठाऊक! आबा स्वतः साताऱ्याच्या शाहू बोर्डिंगात राहून शिकलेले. १९२४ साली भाऊराव पाटलांनी काढलेलं, महात्मा गांधींच्या हस्ते नाव दिलेलं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला, आपापली कामं आपणच करायची. त्या पोरांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा दिलं. आबा एवढंच म्हणाले, "भाकरी थापता येते का तुला?" येत नव्हती. विषय संपला.

तर, ती तलावात पडलेली बाई कुठल्या पुस्तकातली?

पुस्तकी_किडा

ताई, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन! एनिड ब्लायटनची 'सेंट क्लेअर्स' मालिका, त्यातलं 'क्लॉडीन ॲट सेंट क्लेअर्स', १९४४ सालचं. पडलेल्या बाई म्हणजे मिसेस फेव्हरली, अँजेलाच्या मातोश्री. ढकलणारी क्लॉडीन ही फ्रेंच शिकवणाऱ्या मामझेलची भाची. (की पुतणी? इंग्रजीत कळायची सोय नाही.)

मूळ सहा पुस्तकं, १९४१ ते १९४५. पुष्कळ जण यात 'मॅलरी टॉवर्स'ची गल्लत करतात. तीही सहाच, पण १९४६ ते १९५१. ती शाळा कॉर्नवॉलमध्ये, समुद्रकाठच्या कड्यावर, आणि तिथला तलाव खडकात कोरलेला, भरतीच्या पाण्यानं भरणारा. तिची नायिका डॅरेल रिव्हर्स, वडील सर्जन. आता गंमत बघा: ब्लायटनबाईंचे दुसरे यजमानही सर्जन, आणि त्यांचं नाव केनेथ डॅरेल वॉटर्स. बाईंनी वॉटर्सच्या रिव्हर्स केल्या आणि मोकळ्या झाल्या.

मला स्वतःला डॅरेल जास्त आवडते, कारण तिला खराखुरा राग येतो. पहिल्याच पुस्तकात ती ग्वेंडोलिनला तलावात फाडफाड ठेवून देते. क्लॉडीन काय, नेहमी नामानिराळी.

पत्र्याची_पेटी

सगळ्यांच्या आठवणींवर पाणी ओतायचं नाहीये, पण मी ही पुस्तकं बोर्डिंगात बसून वाचली आहेत. सरकारी निवासी शाळा, मराठवाड्यातली. जिल्हा सांगत नाही. हिरव्या पत्र्याची पेटी, झाकणावर काकानं पांढऱ्या तेलरंगात लिहिलेलं नाव, नावातली वेलांटी चुकलेली. सहावी ते दहावी ती चुकलेली वेलांटी घेऊन राहिले.

त्या पुस्तकांत कुणाला उवा होत नाहीत, खरूज होत नाही. न्हाणीघरापुढं बादल्यांची रांग नाही. सगळ्यांची पत्रं घरी जशीच्या तशी पोचतात. आमची आधी बाई वाचायच्या, त्यामुळे मी पाच वर्षं "मी मजेत आहे" एवढंच लिहिलं. पहिल्या रात्री चाळीस जणी पांघरुणात नाक ओढत होतो आणि प्रत्येकीला वाटत होतं, बाकीच्यांना सर्दी झालीय.

मेजवानी मात्र आमचीही व्हायची. जेवणातल्या पोळ्या ओढणीत गुंडाळून आणायच्या, त्यावर तिखट-मीठ आणि डोक्याला लावायचं खोबरेल. हो, तेच. दुसरं तेल कुठून आणणार? एकदा पकडलो गेलो, आठवडाभर मैदान झाडलं.

एवढं असूनही ती पुस्तकं फाटेपर्यंत वाचली, हेही खरंच. बहुतेक मला माझ्याच शाळेची बरी आवृत्ती हवी होती.

ठाण्याचे_काका

खाण्याचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. 'सेंट क्लेअर्स'चं पहिलं पुस्तक आलं १९४१ साली. ब्रिटनमध्ये बेकन, लोणी आणि साखर ८ जानेवारी १९४० पासून रेशनवर. जुलै १९४२ पासून चॉकलेट-गोळ्याही रेशनवर गेल्या, त्या सुटल्या फेब्रुवारी १९५३ मध्ये. म्हणजे डब्यातले सार्डिन मासे, अननस, चॉकलेट केक असं सगळं मध्यरात्री चापणाऱ्या त्या मुलींची गोष्ट जी मुलं वाचत होती, त्यांच्याही तोंडाला पाणीच सुटत होतं. त्यांना ते कराडइतकंच लांब. आम्हीही रेशनच्या रांगेत पिशवी धरून उभे राहिलेले लोक, त्यामुळे मला हे कळल्यावर त्या गोऱ्या पोरांबद्दल उगाच जवळीक वाटली.

आम्हा मुलग्यांचा हिरो बिली बंटर, 'मॅग्नेट' या इंग्रजी साप्ताहिकातल्या शाळेच्या गोष्टींतला पोरगा. साप्ताहिक १९०८ ते १९४०, युद्धात कागद मिळेना म्हणून बंद पडलं. बंटर म्हणजे जाड्या, खादाड, आणि कधीच न येणाऱ्या पोस्टल ऑर्डरच्या भरवशावर उधारी मागणारा. त्याच्या वर्गात एक हिंदी राजपुत्रही होता, हरी जमसेट राम सिंग. एकाच पोरात हिंदू, पारशी आणि शीख! लेखकानं हाताला येतील ती नावं जोडलेली दिसतात. त्याचं मोडकंतोडकं इंग्रजी वाचून लहानपणी हसलो. आता नातवाला वाचून दाखवताना ती पानं पटकन उलटतो.

कराडची_लेक

किडेराव, शतशः आभार! सदतीस-अडतीस वर्षांचा ठसठसता प्रश्न सुटला. बहिणीला लगेच फोन केला. ती म्हणते, आल्याची कल्पना तिची होती आणि सोडा माझ्या परकरावर सांडला होता. भांडण चालू आहे.

पेटीताई, खोबरेल तेलाचं वाचून घशाशी आलं आणि डोळेही भरले. मी आठवीत जे मागत होते ते आबांनी दिलं नाही, हे बरंच झालं म्हणायचं.

रात्री आबांना विचारलं, तुमच्या बोर्डिंगात असलं काही व्हायचं का? आता ऐकू कमी येतं, दोनदा विचारावं लागलं. म्हणाले, एकदा शेतातल्या ओल्या शेंगा आणून रात्री मागच्या बाजूला भाजल्या होत्या. पकडले गेलात का, म्हटलं. "नाही. पण गूळ नव्हता." मग बराच वेळ गप्प बसले. मला वाटलं डोळा लागला. तर पुन्हा म्हणाले, "शेंगा चांगल्या होत्या गं. गूळ पाहिजे होता."