वाड्याच्या जागी उभ्या राहणाऱ्या इमारतीत वाड्याचे काय उरावे?

सुरूदार

पुण्यातील पेठेतला आमचा वाडा पुनर्विकासासाठी गेल्या वर्षी रिकामा केला. नव्या इमारतीचे चित्र दाखवताना विकासकाच्या माणसाने दर्शनी भागच आधी पुढे केला. सज्ज्यांना महिरपी होत्या, प्रवेशाला दिंडी दरवाजाची आठवण करून देणारी कमान होती आणि तिच्या दोन बाजूंना लाकडाचा भास देणारे फायबरचे सुरूदार, म्हणजे सुरूच्या झाडाच्या आकाराचे, खांब होते. आतला नकाशा मात्र कोथरूडच्या किंवा चिंचवडच्या कोणत्याही इमारतीचा असावा तसा होता: मधोमध लिफ्ट आणि जिना, भोवती प्रत्येक मजल्यावर चार सदनिका आणि तळमजला संपूर्ण वाहनतळासाठी.

त्या कमानीला माझा विरोध आहे, आणि तो निव्वळ सौंदर्यदृष्टीचा नाही. पेठांमधील जागा रस्त्यावर अरुंद आणि आत खोल आहेत, दोन वाड्यांच्या भिंती बहुतेक ठिकाणी एकमेकींना लागून आहेत, त्यामुळे बाजूने खिडकी काढण्याची सोयच नव्हती. म्हणून मधला चौक आभाळाला मोकळा ठेवला गेला, आणि माजघरापर्यंतचा उजेड, वारा, पावसाच्या पाण्याचा निचरा हे सगळे त्या चौकाने सांभाळले. आमच्याकडे पावसाळ्यात पागोळ्यांखाली घंगाळे मांडलेली असत आणि ओसरीवर बसलेल्या माणसाला पाऊस हाताच्या अंतरावर दिसे, पण अंगावर येत नसे. वाड्याची ओळख सांगायची तर मी या रचनेचे नाव घेईन.

बांधकामाचे सर्वसाधारण नियम नेमके याच्या उलट चालतात. इमारतीच्या बाजूंना मोकळी जागा सोडा, असे ते सांगतात. मोकळ्या माळावरच्या सुट्या इमारतीसाठी ते योग्य असेल, पण वीस-पंचवीस फूट रुंदीच्या जागेत दोन्ही बाजूंना सोडलेल्या त्या पट्ट्यांमध्ये ड्रेनेजचे पाइप आणि कचरा याखेरीज काहीही राहत नाही. तीच जागा एकत्र करून मध्ये आणू द्यावी, तिला चौक म्हणून मान्यता द्यावी, आणि त्या बदल्यात महिरपी व फायबरचे खांब खुशाल वगळावेत, असे माझे म्हणणे आहे. आपली मते वाचायला आवडतील.

कसब्याची लेक

आपण चौकाकडे ओसरीवरून पाहिलेले दिसते. मी तो मागच्या दोन खोल्यांतून पाहिला आहे, म्हणून लिहिते.

आमच्या वाड्यात मालक वगळून अकरा बिऱ्हाडे होती. चौकात एक नळ आणि परसात दोन संडास. जिना भिंतीत कोंबलेला, इतका उभा की आजी वरून लोंबणारा दोर धरूनच चढत असे, आणि गुडघे गेल्यावर शेवटची तीन वर्षे ती खाली उतरलीच नाही. पानशेतच्या पुरात, १२ जुलै १९६१ रोजी, नदीकाठच्या पेठांमधले कितीतरी वाडे कोसळले, हे घरात इतक्यांदा ऐकले होते की जोराचा पाऊस लागला की आई फुगलेल्या भिंतीपासून अंथरुणे लांब सरकवी. भाडे नाममात्र होते, म्हणून मालक डागडुजी करत नव्हते, आणि घर आपले नाही, म्हणून भाडेकरू पैसे घालत नव्हते. यात कोणा एकाला दोष देता येत नाही, पण लाकूड आतून कुजतच राहिले.

आणखी एक गोष्ट, जी अशा चर्चांमध्ये हमखास गळते. कोणी देवडीपाशी थांबायचे, कोणी चौकापर्यंत यायचे, कोणाला ओसरीवर बसायला सांगायचे आणि माजघराचा उंबरा कोणी ओलांडायचा, हे जातीवरून आणि बाई की पुरुष यावरून ठरलेले होते. वाड्याचा नकाशा हा त्या नियमांचाही नकाशा होता. परंपरा जपायची म्हणताना त्यातले काय जपणार, हे आधी सांगावे. वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीत मला लिफ्ट, स्वतंत्र संडास आणि आतून लावता येणारे दार मिळाले. त्या इमारतीला कमान आहे की नाही, हे मी आजवर वर मान करून पाहिलेलेही नाही.

गिलावा

मी इमारतींचे नकाशे काढण्याचे काम करतो, म्हणून आधी मापांविषयी बोलतो. वीस फूट लांब-रुंद चौकाभोवती दोन मजली वाडा असला तर भिंतींची उंची साधारण चौकाच्या रुंदीइतकीच राहते आणि दुपारचे ऊन फरशीपर्यंत पोहोचते. त्याच चौकाभोवती सहा मजले चढवले की उंची साठ फुटांवर जाते. मग तो चौक उरत नाही, त्याचे डक्ट, म्हणजे अरुंद उभा झरोका, होते. खालच्या दोन मजल्यांना दिवसा दिवे लावावे लागतील, एकाच्या फोडणीचा वास सगळ्यांच्या स्वयंपाकघरात जाईल आणि पहिल्या पावसाळ्यानंतर कोणीतरी वरून पत्रे टाकेल. भाडेकरूंना जागा देऊन मालकालाही काही उरवायचे असेल तर दोन मजल्यांवर भागत नाही. म्हणजे ज्या उंचीवर चौक चौकासारखा काम करतो, त्या उंचीवर पुनर्विकासच परवडत नाही.

दुसरे असे की दर्शनी भागाला आपण इतके हलके लेखू नये. घराचा नकाशा घरच्यांचा असतो, पण दर्शनी भाग रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाचा असतो. मुंबईत वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांनी आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या इमारतीवर विजापूरच्या गोलघुमटाच्या धर्तीवर घुमट चढवला, ते संग्रहालय १९२२ मध्ये लोकांसाठी खुले झाले, आणि त्यांचेच गेटवे ऑफ इंडिया १९२४ मध्ये पुरे झाले. दोन्हींमध्ये गुजरातच्या व दख्खनच्या इमारतींतले घटक उचलून नव्या कामासाठी जोडलेले आहेत. तेव्हाही तो वरून चढवलेला वेष होता असे म्हणता येईल, पण आज मुंबईची ओळख म्हणून लोक त्याच इमारतींकडे बोट दाखवतात.

सुरूदार

कसब्याच्या ताईंचे म्हणणे मला मान्य आहे, आणि ते माझ्या पहिल्या लिखाणात यायला हवे होते. नळ, संडास, जिना आणि कुजलेले लाकूड यांपैकी काहीही जपण्याजोगे नव्हते. देवडीपासून माजघरापर्यंतची ती उतरंडही जपायची नाही. मात्र चौक आणि उतरंड एकच आहेत, असे मला वाटत नाही. सगळ्यांच्या दारांना सारखाच लागून असलेला चौक आखता येतो.

याचे उदाहरण बेलापूरला आहे. नवी मुंबईच्या कल्पनेत ज्यांचा वाटा होता, त्या वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात तिथल्या आर्टिस्ट्स व्हिलेज या वसाहतीत लहान-लहान घरांचे गट चौकांभोवती मांडले. सात घरांना मिळून एक चौक, असे तीन गट मिळून मोठा चौक, आणि पुढे अशीच चढती मांडणी. सधन आणि अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांच्या भूखंडांच्या आकारात फार मोठा फरक ठेवला नाही, आणि भिंती शेजाऱ्याला जोडल्या नाहीत, म्हणजे ज्याला पैसे साठतील त्याने आपले घर आपल्या सवडीने वाढवावे. दिंडी दरवाजा तिथे कुठेही नाही.

गिलावा यांनी मांडलेले माप बिनतोड आहे आणि चारही बाजूंनी बंद सहा मजली चौक मीही मागणार नाही. पण दोन शेजारचे वाडे एकत्र घेतले, पूर्वेची बाजू दोन मजल्यांवर थांबवली आणि बाकीचे मजले वर जाताना पायरीपायरीने मागे घेतले, तर उजेड येतो. यात काही चौरस फूट जातील, हे उघड आहे. बाजूच्या पट्ट्यांची सक्ती काढली तर त्यातले बरेचसे परत मिळतील. आणि विटेट यांच्या संग्रहालयाचा दर्शनी भाग कुर्ल्याच्या आणि मालाडच्या दगडाचा आहे, त्यामुळे आमच्या फायबरच्या खांबांना त्याच्या पंगतीला बसवू नये, एवढी विनंती.

खाडीकाठ

बेलापूरचा उल्लेख आला म्हणून थोडक्यात लिहितो, कारण त्या वसाहतीत माझे नेहमी येणे-जाणे असते. उतरत्या कौलांची मूळ घरे आता थोडीच राहिली आहेत. बऱ्याच जणांनी ती पाडून सपाट स्लॅबची, दोन-तीन मजली, टाइल्स लावलेली घरे बांधली, आणि वास्तुरचनेचे विद्यार्थी ते पाहून हळहळतात. चौक मात्र बहुतेक ठिकाणी आहेत. ज्याचे-त्याचे छप्पर ज्याने-त्याने बदलले, पण सात जणांची जागा एकट्याला गिळता आली नाही. गाड्यांनी मात्र ते काम सुरू केले आहे. मुले खेळायची तिथे आता कव्हर घातलेल्या गाड्या उभ्या दिसतात, आणि पेठेतल्या नव्या चौकाचेही तेच होईल, अशी मला भीती वाटते.

कसब्याची लेक

सुरूदार यांनी मोकळेपणाने मान्य केले, त्याबद्दल आभार. तरीही मी चौकाच्या बाजूने मत देणार नाही. दोन वाडे एकत्र आणायचे म्हणजे दोन्हीकडचे मालक, त्यांचे वारसदार आणि सगळे भाडेकरू यांच्या सह्या मिळवायच्या. आमच्या एकट्या वाड्याला त्यासाठी नऊ वर्षे लागली आणि त्या काळात दोन भाडेकरू घर न पाहताच गेले. पायरीपायरीने मागे घेतलेल्या मजल्यांच्या नकाशासाठी आणखी किती वर्षे थांबायचे?

मात्र एक गोष्ट सांगते. आई आता सत्त्याहत्तर वर्षांची आहे आणि आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो. दुपारी चारच्या सुमारास ती मेथीची जुडी आणि ताट घेऊन दार उघडते आणि लिफ्टसमोरच्या जागेत खुर्ची टाकून निवडायला बसते, कारण समोरच्या बाई त्याच वेळी दार उघडतात. ती जागा जेमतेम पाच फूट रुंद आहे, तिला खिडकी नाही, आणि लिफ्टमधून कोणी बाहेर आले की आईला खुर्चीसह उठावे लागते. ही जागा आणखी चार फूट रुंद असती आणि तिला रस्त्याकडे एक खिडकी असती तर आमच्या मजल्याला पुरले असते. गिलावा यांना माझा प्रश्न आहे की, दोन वाडे न जोडता, आहे त्या नियमांत, एवढे नकाशात बसवता येते का?