बृहत्संहितेतील ‘दकार्गल’ अध्यायाला भूजलशास्त्र म्हणावे काय?

धागाकर्ता (कोथरूड, पुणे):
नवीन बोअर कोठे घ्यावी यासाठी आमच्या सोसायटीची बैठक झाली. एका सभासदांनी पाणाड्याला बोलवावे असे सुचवून ‘हे सारे वराहमिहिराने लिहून ठेवले आहे’ असे सांगितले, तर दुसऱ्यांनी तितक्याच ठामपणे सगळे प्राचीन ग्रंथ भाकडकथा ठरवले. मूळ अध्याय दोघांनीही वाचलेला नव्हता, म्हणून हा धागा.

वराहमिहिराच्या सहाव्या शतकातील बृहत्संहितेच्या या दकार्गल, म्हणजे जमिनीखालचे पाणी शोधण्याच्या, अध्यायात नारळ किंवा काठी हातात धरून पाणी शोधण्याचा विधी नाही. त्यात झाडे, वारुळे, माती आणि खडक यांच्या खुणा आहेत. जांभळीच्या पूर्वेला जवळच वारूळ असेल, तर त्याच्या दक्षिणेस दोन पुरुष खोलीवर गोड पाणी लागते, असे तो सांगतो. (हात वर करून उभ्या माणसाची उंची म्हणजे एक पुरुष, सुमारे साडेसात फूट.) आकाशातून पडणारे पाणी एकाच रंगाचे व चवीचे असते, जमिनीच्या भेदामुळे ते निरनिराळे होते, म्हणून पाण्याची परीक्षा जमिनीबरोबरच करावी, हे विधान तर मला फार मोलाचे वाटते. शिळा फुटत नसेल तर तिच्यावर पळस आणि टेंभुर्णीची लाकडे पेटवावीत आणि ती लाल झाली की चुन्याचे पाणी शिंपडावे, हा उपाय विहिरी खोदणाऱ्यांच्या अनुभवातूनच आला असणार. आपल्याकडचे पृथ्वीविज्ञान शोधायचे असेल, तर ते येथे शोधावे.

प्रतिसाद (निवृत्त भूगोल शिक्षिका, सदाशिव पेठ):
आपण सोयीचा अध्याय निवडला आहे, असे मला नम्रपणे म्हणावेसे वाटते. त्याच ग्रंथात भूकंपावरही अध्याय आहे. पाण्यातील प्रचंड प्राण्यांमुळे भूकंप होतो, पृथ्वीच्या भाराने थकलेले दिग्गज (दिशांचे हत्ती) विसावा घेतात म्हणून होतो, वाऱ्यावर वारा आदळून होतो, अशी मते तेथे नोंदवली आहेत, आणि पुढे नक्षत्रांवरून भूकंपांची वायू, अग्नी, इंद्र व वरुण अशी वाटणी करून फले सांगितली आहेत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा धक्का पुण्यातही जाणवला, त्याची कारणमीमांसा धरणाच्या जलाशयाकडे आणि खडकांतील भेगांकडे पाहून झाली, नक्षत्रांकडे पाहून नव्हे. एक अध्याय विज्ञान आणि दुसरा श्रद्धा, हे कोणत्या कसोटीवर ठरवायचे?

प्रतिसाद (भूजल सर्वेक्षणाच्या कामातील एक वाचक, हडपसर):
कसोटी आहे, आणि ती खडकाची आहे. वराहमिहिराचा माळवा आणि आपले पुणे, दोन्हींखाली दख्खनचा काळा पाषाण आहे. त्यात पाणी साठते ते झिजलेल्या मुरमात, भेगांत आणि लाव्हाच्या दोन थरांमधल्या सांध्यांत. वारूळ किंवा खोल मुळांचे झाड उथळ मुरमातील ओलावा दाखवू शकते, त्यामुळे पंधरा-वीस फुटांच्या विहिरीसाठी अशा खुणांना अर्थ आहे. तीनशे फूट खोल जाणाऱ्या बोअरला मात्र त्या पुरत नाहीत. शिवाय भूगर्भातील पाण्याच्या शिरांना दिशांच्या देवतांची नावे देऊन त्यांचे प्रवाह ठरवणे, याला आमच्या कामात काही आधार सापडत नाही.

प्रतिसाद (कर्वेनगर):
विहिरींवर इतकी चर्चा कशाला? ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे कल्प ४३२ कोटी वर्षांचा आहे आणि आजचे शास्त्र पृथ्वीचे वय ४५४ कोटी वर्षे सांगते. याहून मोठा पुरावा कोणता हवा?

धागाकर्ता:
हा पुरावा ग्रंथांच्याच हिशेबाने टिकत नाही. आपण संकल्प करताना ‘श्वेतवाराहकल्पे वैवस्वतमन्वन्तरे अष्टाविंशतितमे’ असे म्हणतो, म्हणजे चालू कल्पातील सातवे मन्वंतर आणि त्यातील अठ्ठाविसावे महायुग; त्याची गणना केली तर चालू कल्पाची सुमारे १९७ कोटी वर्षे उलटली आहेत. ४३२ कोटी ही कल्पाची संपूर्ण लांबी आहे, ते पृथ्वीचे वय नाही. पृथ्वीचे वय १९५६ मध्ये उल्कापाषाणांतील शिशाच्या समस्थानिकांवरून मोजले गेले. ती रीत वेगळी आणि तो प्रश्नही वेगळा. आकडे जवळ आले म्हणून ज्ञान एकच ठरत नाही, आणि अशा दाव्यांमुळे दकार्गलासारख्या खऱ्या निरीक्षणांवरचाही विश्वास उडतो, याचे मला मनापासून दुःख होते.

प्रतिसाद (निवृत्त भूगोल शिक्षिका, सदाशिव पेठ):
हे उत्तर मला पटले, परंतु माझा मूळ आक्षेप कायम आहे. या खुणांवरून खोदलेल्या विहिरींपैकी किती कोरड्या निघाल्या, याचा हिशेब त्या श्लोकांत नाही. तो मिळेपर्यंत मी दकार्गलाला अनुभवाचा संग्रह म्हणेन, शास्त्र म्हणणार नाही.

धागाकर्ता:
तो हिशेब आपणच मांडू शकतो. मुळशी आणि मावळातील जुन्या विहिरींची यादी करून कोणत्या विहिरीजवळ उंबर, जांभूळ किंवा वारूळ आहे आणि पाणी किती फुटांवर आहे हे लिहावे, आणि या खुणा नसलेल्या विहिरीही तितक्याच मोजाव्यात. हडपसरच्या वाचकांनी नोंदीचा तक्ता आखून दिल्यास पहिल्या दहा विहिरी मे महिन्यात मी स्वतः मोजून आणीन.